‘कटिंग कुठं मिळतं?’ हा प्रश्नच चुकला आहे

एमबीबीएस संपवून ऑर्थोपेडिक्सकडे वळणाऱ्या मुलाला सल्लागारांची कमतरता कधीच नसते. इंटर्नशिपमधले सीनियर, गावाकडचे नात्यातले डॉक्टर, कोचिंगवाले, हॉस्टेलच्या कट्ट्यावरचे जेआर-टू (दुसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट), सगळे बोलतात आणि जवळजवळ एकच गोष्ट बोलतात: ‘कटिंग कुठं मिळतं ते बघ.’ कटिंग म्हणजे स्वतःच्या हातानं शस्त्रक्रिया करायला मिळणं. पहिल्या वर्षी टाके, दुसऱ्या वर्षी रॉड, तिसऱ्या वर्षी टेबल तुझं आणि सर शेजारच्या खोलीत, असं जिथं असेल ते कॉलेज चांगलं. याला दोन पोटनियम जोडले जातात. एक, नाव मोठं हवं, म्हणजे मुंबई नाहीतर पुणं. दोन, रगडा हवा, कारण रगडून घेतल्याशिवाय सर्जन होत नाही.

नीट-पीजीचा निकाल लागला की या तीन नियमांवर हजारो मुलं चॉइस फिलिंगची यादी भरतात. हे तिन्ही नियम मला मान्य नाहीत. त्यांत खरं काहीच नाही असं नव्हे. पण ते मोजतात ती गोष्ट वेगळी आणि तीन वर्षांनंतर त्या मुलासमोर येऊन बसणाऱ्या पेशंटला हवी असते ती वेगळी. हे कळायला बीड जिल्ह्यातल्या पालीसारखं एखादं गाव डोळ्यांसमोर ठेवावं.

पाली बीड शहराच्या दक्षिणेला, बिंदुसरा धरणाजवळ, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पुढे मांजरसुंबा, तिथून एक रस्ता केजवरून अंबाजोगाईला जातो. या पट्ट्यात हाड मोडलं की वाटा ठरलेल्या आहेत. आधी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा शहरातलं एखादं खासगी हॉस्पिटल. तिथं भागलं नाही तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर सव्वाशेहून अधिक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. ऑर्थोच्या जागेसाठी यादी भरणारा मुलगा या गावचा असो वा दादरचा, सरकारी बंधपत्रात किंवा स्वतःच्या दवाखान्यात त्याच्यासमोर येणारी माणसं बहुतांशी अशाच वाटांवरची असणार आहेत. मग विभागाची परीक्षाही याच माणसांच्या बाजूनं घ्यायला हवी.

आधी ‘कटिंग’वाल्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊ, कारण त्यात वजन आहे. शस्त्रक्रिया हे हातानं शिकायचं काम आहे. मांडीच्या हाडात रॉड घालताना गाइड-वायर कुठल्या बिंदूतून शिरवायची, सी-आर्मच्या (ओटीतल्या एक्स-रे यंत्राच्या) चित्रात काय दिसलं की थांबायचं, ड्रिल पलीकडच्या बाजूनं बाहेर पडण्याआधी हाताला कसं जाणवतं, हे पुस्तकात वाचून येत नाही. आपल्याकडे एमएस तीन वर्षांचं, अमेरिकेत हीच रेसिडेन्सी पाच वर्षांची. एवढ्या कमी काळात हात चालवायला मिळाला नाही तर मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो आणि पहिल्या स्वतंत्र केसला घामाघूम होतो. असे घामाघूम झालेले लोक सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा हात बसायला हवा, यात वाद नाही.

वाद आकड्याबद्दल आहे. ‘आमच्याकडे जेआर-थ्रीनं दोनशे रॉड टाकले’ असं कुणी अभिमानानं सांगतो तेव्हा त्या दोनशेतलं काहीच कळत नाही. त्यातले किती सर हात धुवून शेजारी उभे असताना टाकले आणि किती रात्री दोन वाजता, फोनवर ‘चालू दे’ एवढं ऐकून? किती पाय सरळ जुळले आणि किती वाकडे? किती जखमा चिघळल्या? सहा महिन्यांनी त्यातले किती पेशंट परत आले आणि आले तेव्हा चालत आले का? तीच चूक दोनशे वेळा केली तर हात बसतो खरा, पण चुकीवर बसतो. आणि चुकीवर बसलेला हात सुधारणं कोऱ्या हाताला शिकवण्यापेक्षा अवघड असतं. म्हणून लॉगबुकात ‘पाहिलं’, ‘मदत केली’, ‘देखरेखीखाली केलं’ आणि ‘स्वतंत्र केलं’ हे रकाने वेगळे असावे लागतात. यादी भरणारा मुलगा मात्र फक्त शेवटच्या रकान्याची चौकशी करतो. खरं शिक्षण तिसऱ्या रकान्यात होतं.

शिवाय सरांशिवाय मिळालेलं कटिंग कुणाच्या अंगावर मिळतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. खासगी हॉस्पिटलात पैसे भरणाऱ्याच्या मांडीवर ते मिळत नाही. ते मिळतं सरकारी वॉर्डात, महात्मा फुले योजनेच्या मंजुरीची वाट बघत पडलेल्या माणसाच्या अंगावर, जो ‘मोठे डॉक्टर कुठं आहेत’ असं विचारू शकत नाही. ज्या विभागात रेसिडेंटला जास्तीत जास्त मोकळीक आहे, त्या विभागात बऱ्याचदा वरिष्ठांची जास्तीत जास्त गैरहजेरी असते. एकाच गोष्टीला मुलगा संधी म्हणतो आणि पेशंट नशीब म्हणतो.

बीड जिल्ह्याला तर शस्त्रक्रियेच्या आकड्यांवर भाळण्याचा अधिकारच उरलेला नाही. 2019 साली ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उघड झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचं गर्भाशय काढल्याचं आढळलं. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हाताला काही कमी नव्हतं. टेबलावर काय करायचं ते त्यांना येत होतं. कमी होतं ते आधीचं पाऊल: ही शस्त्रक्रिया हवी का, हिच्याशिवाय भागेल का, हिच्यानंतर या बाईच्या कामाचं आणि शरीराचं काय होईल, हे विचारणं. हा विषय स्त्रीरोगशास्त्राचा आहे, ऑर्थोचा नाही, असं कुणी म्हणेल. पण गुडघे, मणके आणि खांदे यांच्या बाबतीत हा मोह कमी आहे असं ऑर्थोतला कुठलाही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून पाठीवर चीर द्यायची की सहा आठवडे थांबायचं, हा निर्णय रोजचा आहे. तो शिकवणारा विभाग मुलाला ‘कटिंग कमी’ असलेला वाटतो, कारण थांबलेल्या शस्त्रक्रियेची नोंद कुठल्याच लॉगबुकात होत नाही.

पाली-मांजरसुंबा-केज पट्ट्यातून ऑर्थो विभागात काय काय येतं, ते एकेक घेऊन पाहू.

घरात ओट्याजवळ पाय घसरून सत्तरीतली आजी पडते, खुबा मोडतो. ऑर्थोमध्ये यापेक्षा साधी केस नाही आणि यापेक्षा घातकही नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून ब्रिटनमध्ये 36 तासांच्या आत शस्त्रक्रिया हा निकष धरतात आणि 2007 पासून तिथं खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. आपल्याकडे ही आजी किती दिवस ट्रॅक्शनला पडून राहते? योजनेची मंजुरी, रक्ताची पिशवी, भूलतज्ज्ञाचा फिटनेस, इम्प्लांटचा पुरवठादार, ओटीतलं रिकामं टेबल, यांतलं एक जरी अडलं तरी दिवस जातात. हे अडथळे रोज हलवणारा रेसिडेंट आणि सकाळच्या राउंडला ‘ही चौथ्या दिवशीही का पडून आहे’ असं विचारणारा प्राध्यापक जिथं आहे, तो विभाग चांगला. कॉलेजची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच हवा: खुबा मोडलेली म्हातारी तुमच्याकडे सरासरी किती दिवस थांबते? उत्तर तोंडावर असेल तर तिथं मोजमाप आहे. समोरचा हसला तर पुढं बोलायची गरज नाही.

दुसरी केस लहान मुलाची. बाभळीवरून किंवा बैलगाडीवरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या लावून घट्ट बांधलेलं. मूल रात्रभर रडतं, बोटं सुजतात, सकाळी रडणं थांबतं आणि घरच्यांना वाटतं आराम पडला. प्रत्यक्षात हाताचा रक्तपुरवठा तुटून स्नायू मरायला लागलेले असतात आणि पुढं बोटं आकड्यासारखी वळून कायमची अडकतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्ये हे वर्णन केलं, आणि आजही ही विकृती भारतातल्या ओपीडीत दिसते. इथं वाचवणारं कौशल्य म्हणजे बोट हळूच सरळ करून पाहणं, त्या वेळी मुलाला अतोनात कळ आली तर क्षणात पट्टी सोडणं, प्लास्टर असेल तर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत चिरणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर रात्रीच ओटी उघडायला लावणं. हे काम कॅज्युअल्टीतल्या सगळ्यात नवख्या जेआर-वनच्या वाट्याला येतं. तेव्हा दुसरा प्रश्न: रात्री कॅज्युअल्टीत जेआर-वन एकटा असतो का? फोन केल्यावर लेक्चरर येतो का, की फोन केल्याबद्दल सकाळी सगळ्यांसमोर शिव्या मिळतात? ज्या विभागात रात्री फोन करायला भीती वाटते, त्या विभागात हात गमावलेली मुलं निघतात. तिथं कटिंग कितीही मिळो.

तिसरी केस जन्मजात वाकड्या पायाची, म्हणजे क्लबफूटची. यावर स्पेनमधून अमेरिकेत गेलेल्या इग्नासिओ पोन्सेटी यांनी आयोवामध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेली पद्धत आता जगभर मान्य आहे. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय थोडा थोडा वळवायचा, साधारण पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक छोटी चीर, मग काही वर्षं, मुख्यतः रात्री, ब्रेस. यात शस्त्रक्रियेचं नाट्य काही नाही, म्हणून कटिंगच्या हिशोबात हे बसत नाही. पण बीड जिल्ह्यात यात एक वेगळाच पेच आहे. बाळाचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. फडावरच्या खोपीत ब्रेस सुटतो, पाय पुन्हा वळतो. या बाळाचा पाय वाचवायचा असेल तर प्लास्टरची मालिका पावसाळ्यात संपवायची, ते जाणार त्या कारखान्याजवळचं क्लिनिक शोधून द्यायचं, आणि आईला ब्रेस कसा बांधायचा ते दहा वेळा करायला लावायचं. ज्या विभागात क्लबफूटचा दिवस ठरलेला आहे आणि तिथला रेसिडेंट ‘तोडीला कधी जाणार’ हे विचारतो, तिथं हाडाचा डॉक्टर घडतो.

आणि चौथी, महामार्गावरची. रात्री ट्रकची धडक, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, जखमेत माती. अँटिबायोटिक किती लवकर सुरू झालं, जखम नीट धुतली गेली का, बाहेरून सळ्यांचा आधार देऊन पाय स्थिर केला का, कातडी झाकायला प्लास्टिक सर्जन मिळाला का, यावर पाय राहणार की जाणार ते ठरतं. हे एकट्या ऑर्थोचं कामच नाही. त्यामुळे विभाग जोखताना शेजारचे विभागही बघावे लागतात. रक्तपेढी रात्री चालते का? रक्तवाहिनी जोडणारा कुणी आहे का? नसेल तर रुग्णाला पुढं पाठवण्याचा निर्णय किती मिनिटांत होतो? कारण वेळेवर ‘हे इथं होणार नाही’ म्हणणं हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.

या चार केसेसमध्ये शस्त्रक्रिया आहेच, पण प्रत्येक ठिकाणी निकाल ठरवणारी गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर घडते. इम्प्लांट निवडतानाही तसंच. मांडीच्या हाडात घातलेला रॉड हाडाबरोबर भार वाटून घेतो, त्यामुळे बऱ्याच फ्रॅक्चरांत माणूस लवकर पायावर उभा राहू शकतो. प्लेटच्या बाबतीत बहुधा जास्त थांबावं लागतं. उचल फेडायला दोन महिन्यांत फडावर जाणाऱ्या माणसाला प्लेट बसवून ‘तीन महिने वजन टाकू नका’ सांगणारा डॉक्टर एक्स-रेमध्ये पास होतो आणि माणसाच्या आयुष्यात नापास होतो. हे शिकायला फॉलोअपची ओपीडी लागते. आपण बसवलेलं हाड सहा महिन्यांनी पुन्हा पाहायला मिळत नसेल, तर रेसिडेंट आपल्याच कामातून काहीच शिकत नाही. तो फक्त आकडा वाढवत जातो.

आता दुसरा नियम, नावाचा. मोठ्या नावाला दोष देण्यात अर्थ नाही. 1845 चं ग्रँट, 1926 चं केईएम, पुण्याचं बीजे, सायन आणि नायर, या संस्थांचं महाराष्ट्रावर मोठं ऋण आहे. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी उभं केलेलं काम किंवा मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी स्वस्त सळ्या आणि सांध्यांतून बनवलेली ‘जेस’ ही बाह्य आधाराची पद्धत, यांचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. प्रश्न असा आहे की मागच्या वर्षीची शेवटची रँक आणि शहराचं नाव यांवरून विभागाची गुणवत्ता कळते का? शेवटची रँक एवढंच सांगते की मागच्या वर्षी मुलांना काय आवडलं. मुलांना काय आवडलं ते त्याच्या मागच्या वर्षीच्या रँकवरून ठरलं. एकानं दुसऱ्याचं बघून भरलेल्या यादीला गुणवत्तेचा पुरावा म्हणता येत नाही.

आणि शहर? भारतात बाहेरच्या कड्यांनी हाड जोडण्या-वाढवण्याच्या इलिझारोव्ह पद्धतीच्या सुरुवातीच्या प्रसारात ज्यांचं नाव घ्यावं लागतं आणि ज्यांनी संपादित केलेलं ऑर्थोपेडिक्सचं जाडजूड पाठ्यपुस्तक देशभरचे विद्यार्थी वापरतात, ते डॉ. जी. एस. कुलकर्णी मिरजेत काम करत होते. ती पद्धत काढणारे खुद्द इलिझारोव्ह मॉस्कोत नव्हते. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये ते काम करत होते, आणि राजधानीतल्या बड्या सर्जनांना त्यांचं म्हणणं पटायला वर्षं लागली. 1968 च्या सुमाराला जयपूर फूट हा कृत्रिम पाय उभा राहिला तो डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या जोडीतून. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. आपल्या माणसाला अनवाणी चिखलात चालायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, मांडी घालून जेवायचं असतं. ही गरज रोज समोर दिसत होती, म्हणून उत्तर तिथं सापडलं.

यावरून कुणी उलटा निष्कर्ष काढू नये. गावाजवळचं म्हणून कॉलेज चांगलं, असं मी म्हणत नाही. अंबाजोगाईचं महाविद्यालय 1974 चं. ग्रामीण भागासाठी आशियातलं पहिलं अशी त्याची ओळख अभिमानानं सांगितली जाते. पण ओळखीनं कुठलंच कॉलेज चांगलं ठरत नाही, ना तिथलं ना परळचं केईएम. ग्रामीण सरकारी कॉलेजात प्राध्यापकाच्या जागा रिकाम्या असतील, सी-आर्म दुरुस्तीला गेलेला असेल, भूलतज्ज्ञ एकच असेल, तर तिथल्या पेशंटांच्या गर्दीचं शिक्षणात रूपांतर होत नाही. मोठ्या शहरातल्या कॉलेजात फेलो आणि सुपरस्पेशालिस्ट इतके असतील की रेसिडेंट तीन वर्षं रिट्रॅक्टरच धरतो, तर तिथल्या नावाचंही होत नाही. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरावर यादी भरायची.

तिसरा नियम रगड्याचा, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो क्रौर्याला तत्त्वज्ञान बनवतो. ‘आम्ही 36 तास उभे होतो, म्हणून घडलो’ असं म्हणणारे वरिष्ठ सगळीकडे असतात. ते घडले ते खरं. पण जागरणामुळे घडले की जागरण असूनही घडले, याचा पुरावा त्यांच्याकडे नसतो. तिसाव्या तासाला ड्रिल धरणाऱ्या हाताला कुठलाही पेशंट स्वतःहून संमती देणार नाही. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातलेली होती, तिचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वेळ मिळावा असं आलं. 2024 मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्याच्या कृती गटानं आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेत 2003 पासून 80 तासांची मर्यादा आहे आणि तिथले सर्जन काही कच्चे निघाले नाहीत. तास मोजले म्हणजे शिस्त संपते, हा युक्तिवाद आळशी व्यवस्थेचा आहे. वॉर्डातल्या मामांची जागा भरलेली नसते म्हणून जेआर-वन स्ट्रेचर ढकलतो, एक्स-रे आणतो, रक्ताच्या पिशवीसाठी रांगेत उभा राहतो. त्याला रगडा म्हणून गौरवायचं, म्हणजे रिक्त पदांचा खर्च एका पोराच्या झोपेतून भागवायचा आणि वर त्यालाच त्याचा अभिमान बाळगायला लावायचं.

या रगड्याच्या कल्पनेतूनच आणखी एक सल्ला जन्मतो: ‘मुलींनी ऑर्थो घेऊ नये.’ कारण काय, तर ताकद लागते. ड्रिल बॅटरीवर चालतं, पाय ओढून धरायला फ्रॅक्चर टेबल असतं, सांधा जागेवर ताकदीनं बसत नाही, दिशा कळल्यानं बसतो. उलट खुबा मोडलेल्या आजीला किंवा पाठ दुखणाऱ्या ऊसतोड बाईला तपासणीला बाई डॉक्टर मिळाली तर ती जे सांगते ते पुरुष डॉक्टरला सांगेलच असं नाही. म्हणून मुलीनं विभाग जोखताना एवढं बघावं: इथं मागच्या काही वर्षांत किती मुली पूर्ण करून बाहेर पडल्या, आणि ऑन-कॉलच्या रात्री झोपायला कुलूप लागणारी खोली आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना विभागप्रमुख अडखळले तर पहिल्याचं उत्तर विचारू नये.

आता माझ्यावरच उलटणारा आक्षेप घेतो. ‘हे सगळं ठीक, पण मुलाला निवड आहे कुठं? रँक जिथं नेईल तिथं जायचं.’ हे अर्धंच खरं. आपल्याकडे अमेरिकेसारखी मुलाखत नाही, तिथल्यासारखा महिनाभर त्या विभागात राहून बघण्याचा रिवाज नाही. रँक हद्द ठरवते. पण त्या हद्दीच्या आत, ऑल इंडिया कोटा, राज्याचा कोटा आणि डीएनबी धरून, बहुतेकांना एकाहून जास्त पर्याय असतात आणि त्यांचा क्रम मुलगाच लावतो. दुसरा आक्षेप माहितीचा: ‘चौकशी करणार कशी?’ 2021 च्या इंटर्नशिप नियमांनुसार ऑर्थोला दोन आठवडेच मिळतात, तेही स्वतःच्याच कॉलेजात. तरीही मार्ग आहे. ज्या तीन-चार विभागांचा विचार आहे त्यांच्या सकाळच्या एक्स-रे मीटिंगला परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसावं. शस्त्रक्रियेनंतरचे एक्स-रे स्क्रीनवर लागतात तेव्हा वाकडी बसलेली प्लेट कुणाची आहे ते न बघता कुणी बोट ठेवतं का, हे बघावं. रेसिडेंटच्या चुकीवर सगळे तुटून पडतात आणि सरांच्या चुकीवर खोली गप्प होते, अशा विभागात शिकायचं तेवढं आपल्याच चुकीतून शिकावं लागेल. मग ओपीडीत जाऊन मावशींना विचारावं, फॉलोअपचे पेशंट कोण बघतं. जेआर-थ्रीला कटिंगबद्दल विचारू नये. त्यानं शेवटची शस्त्रक्रिया रद्द कधी आणि का केली, ते विचारावं. आणि तीन महिन्यांच्या जिल्हा रेसिडेन्सीला मुलं कुठल्या रुग्णालयात जातात, तिथं काय शिकतात, की तिथं फक्त सही करून परततात, याचीही चौकशी करावी. ते रोटेशन बहुतेक जण शिक्षा समजतात. पाली-केजची माणसं जिथं पहिल्यांदा येतात ते ठिकाण तेच आहे.

पण सगळा भार एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलावर टाकून चालणार नाही. तो गुप्तहेर नाही. जे त्याला मागच्या बाकावर बसून हुडकावं लागतं ते विभागानं स्वतःहून जाहीर करायला हवं. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ परीक्षा घेतं, राज्याचा सीईटी कक्ष जागा वाटतो, आयोग मान्यता देतो. तिघांपैकी कुणीही ठरवलं तर प्रत्येक ऑर्थो विभागाला दरवर्षी एक पान भरून द्यायला लावता येईल: मंजूर आणि भरलेली अध्यापक पदं, रेसिडेंटनं देखरेखीखाली केलेल्या आणि स्वतंत्र केलेल्या शस्त्रक्रियांची वेगवेगळी संख्या, खुब्याच्या फ्रॅक्चरला लागणारे सरासरी दिवस, जखमा चिघळण्याचं प्रमाण, सहा महिन्यांनी फॉलोअपला आलेल्यांचं प्रमाण, आठवड्याचे प्रत्यक्ष कामाचे तास, आणि मधेच जागा सोडून गेलेल्यांची संख्या. यात गोपनीय काही नाही. लॉगबुक आणि रजिस्टरमध्ये यातलं बरंचसं असतंच. ते बाहेर येत नाही, कारण ते बाहेर आलं तर काही मोठ्या नावांच्या रँका घसरतील आणि काही छोट्या गावांतले विभाग वर चढतील.

तोपर्यंत यादी भरणाऱ्यांसाठी माझा सल्ला एवढाच. विभाग निवडताना स्वतःला पेशंटच्या जागी ठेवा. तुमच्या आजीचा खुबा रात्री अकराला मोडला, तर ज्या विभागाला तुम्ही पहिली पसंती देताय तिथं तिला घेऊन जाल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्या विभागाला यादीत वर ठेवू नका. आजीला जिथं नेणार नाही तिथं तीन वर्षं शिकून, मग दुसऱ्यांच्या आज्यांवर तो हात चालवण्याचा अधिकार कुठल्याही कटिंगच्या आकड्यानं मिळत नाही.